खटखट मंडळातला पैलवान

टायपिस्टबाई अंगाने इतकी किरकोळ होती, की दवाखान्याच्या लिफ्टमध्ये ती कोपऱ्यात उभी असली तर लोक तिच्या अंगावर पिशव्या टेकवत आणि मग दचकून ‘सॉरी हं मॅडम’ म्हणत. मी तिला ‘ती’ म्हणतोय म्हणून नाक मुरडू नका. साठीला टेकलेल्या बाईला ‘त्या’ म्हणायची रीत मलाही ठाऊक आहे. पण तिला ‘त्या’ म्हणणारे उदंड झाले होते आणि तोच तर सगळा घोळ होता.

ही बाई एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात बसून, पेशंट घरी जाताना त्याच्या हाती द्यायचे कागद टाइप करी. डॉक्टर यंत्रात बोलून ठेवत, तेही तोंडात घास असल्यासारखं. ती कानाला हेडफोन लावून ते ऐके आणि बोटं चालवी. कुणाचं पित्ताशय काढलं, कुणाच्या गुडघ्यात पाणी झालं, कुणी कोणती गोळी उपाशीपोटी घ्यायची, सगळ्या शहराची दुखणी तिच्या बोटांखालून गेली होती. स्वतःचं काही दुखलं तर मात्र ती कुणाला सांगायला जात नसे.

एके काळी त्या खोलीत सात-आठ जणी होत्या. सगळ्यांपुढे जुने, जाडजूड, हत्तीच्या वजनाचे कीबोर्ड. सगळ्या एकदम सुटल्या की वरच्या मजल्यावरची नर्स खाली येऊन दार लोटून घेई. त्या आवाजातही गप्पा चालत. डोळे पडद्यावर, बोटं बटणांवर आणि तोंड तिसरीकडेच. सगळ्यांत मोठी होती तिला आक्का म्हणत, आणि आक्का आपल्या बाईला ‘बारके’ म्हणे. ‘ए बारके, पंखा कमी कर गं, कागद उडतायत.’ ‘बारके, तुझ्या बोटांत एवढा जोर येतो कुठून? जेवतेस तर चिमणीएवढं.’ जोर जुन्या हातयंत्रावर, म्हणजे टाइपरायटरवर, टायपिंग शिकल्यामुळे आलेला होता. तिथे बटण नुसतं दाबून भागत नसे, ठोकावं लागे.

मग दवाखान्याने नवी व्यवस्था आणली. डॉक्टर बोलले की शब्द आपोआप पडद्यावर उमटू लागले. आक्का निवृत्त झाली आणि मुलाकडे दूर निघून गेली. वर्षभरात ती वारल्याचीच बातमी आली. कुणाची बदली झाली, कुणी राजीनामा दिला. यंत्राने ‘उजव्या’चं ‘डावं’ ऐकलं तर ते निस्तरायला एक माणूस लागतं, म्हणून बाई तेवढी उरली. रिकाम्या टेबलांच्या खोलीत ती एकटी बसून यंत्राच्या चुका शोधू लागली. पुढ्यात आला नवा, पापडासारखा चपटा कीबोर्ड. त्याला ना वजन, ना आवाज. दाबलं की नाही तेच कळेना. जुने कीबोर्ड भंगारात निघाले, तेव्हा तिने स्वतःचा मागून घेतला. भांडारातला कारकून म्हणाला, ‘न्या ना मॅडम. तेवढंच माझं ओझं कमी.’

घरी ती आणि तिची ताई अशा दोघीच राहत. ताई बाहेरच्या खोलीत लोकांचे कपडे शिवायची. शिवणयंत्र दिवसभर धावायचं आणि त्याच्यावर ताईचं तोंड. ‘अगं ए शहाणे, दिवा लाव की, सुई दिसत नाहीये मला!’ दोघींनीही लग्न केलं नाही. का, ते विचारायला आलेल्यांना ताईने एकेक करून असं काही सुनावलं होतं की पुढे कुणी विचारेनासं झालं. दोन वर्षांपूर्वी ताई गेली. शिवणयंत्र बाईने एका गरजू मुलीला देऊन टाकलं, कारण ते गप्प उभं असलेलं तिला बघवेना.

ताई गेल्यावर एक गोष्ट अशी झाली, की ती बाईच्या ध्यानात यायलाही वेळ लागला. तिला ‘तू’ म्हणणारं कुणी उरलं नाही. आई-वडील केव्हाच गेले होते, मग आक्का, मग ताई. आता दूधवाला ‘मावशी, घ्या’ म्हणे, शेजारीण ‘काकू, या ना कधी’ म्हणे आणि बोलावत मात्र कधी नसे. बँकेत ‘मॅडम’, औषधाच्या दुकानात ‘आजी’ (त्या दुकानात तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही). मान भरपूर मिळत होता. एवढ्या मानाचं करायचं काय, हे मात्र तिला कळत नव्हतं. एकदा भाजी चिरताना बोट कापलं आणि तिच्याच तोंडून मोठ्याने निघालं, ‘अगं, लक्ष कुठे आहे तुझं?’ रडू आलं ते बोटाचं नव्हतं.

तर हा भंगारातला कीबोर्ड तिने ताईच्या संगणकाला जोडला. संगणक ताईने कपड्यांचे नमुने बघायला घेतला होता. रोज संध्याकाळी बाई त्याच्यापुढे बसे आणि वर्तमानपत्रातलं काहीही टाइप करी. अग्रलेख, हवामान, विकणे आहे, घेणे आहे. टाइप करून झालं की पुसून टाकी. घरात आवाज हवा होता, एवढंच. एक दिवस लांबट स्पेसचं बटण खाली गेलं ते वर येईचना. ती कीबोर्ड पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदाराने तो उचलला आणि मनगट सावरलं. ‘काकू, हे कुणी दुरुस्त करत नाही आता. पण असल्या कीबोर्डांसाठी वेडे झालेले लोक असतात. त्यांचा ऑनलाइन ग्रुप आहे. तिथे विचारा.’ आणि त्याने तिच्या फोनवर तो ग्रुप उघडूनही दिला.

ग्रुपचं नाव होतं ‘खटखट मंडळ’. आत चेहरे नव्हतेच, नुसते कीबोर्ड. ज्याच्या त्याच्या टोपणनावापुढे ज्याच्या त्याच्या कीबोर्डचा फोटो. नव्याने येणाऱ्याने दोन गोष्टी करायच्या, कीबोर्डचा फोटो टाकायचा आणि टाइप करतानाचा आवाज रेकॉर्ड करून टाकायचा. खरं नाव, वय, गाव कुणी विचारत नसे. बाईने फोटो काढला, आवाज रेकॉर्ड केला आणि खाली विचारलं, ‘स्पेसचं बटण अडकतं. शिवाय सगळ्या स्प्रिंगा सैल पडल्यात. सगळ्यांत जड मिळतील त्या बसवायच्या आहेत. कुठे मिळतील?’

एवढं विचारायचा अवकाश, मंडळाने तिला डोक्यावर घेतलं. त्या सर्वांत जड स्प्रिंगा म्हणे कुणी घेतच नाही. दुकानदार त्या नुसत्या दाखवायला ठेवतात. मंडळाचा म्होरक्या, ज्याला सगळे मास्तर म्हणत, त्याने आवाज ऐकून लिहिलं, ‘हा दाबत नाहीये, हाणतोय. अरे, कोण पैलवान आलाय हा?’ खाली ‘बेकरीवाला’ नावाच्या एकाने लिहिलं, ‘पैलवान, रोज किती जोर मारतोस रे?’ कीबोर्डला तेल-ग्रीस घालण्यात तरबेज, म्हणून ‘तेलवाला’ म्हणवणाऱ्याने लिहिलं, ‘ह्याला माझा कीबोर्ड हातात देऊ नका रे कुणी. बोट पलीकडून बाहेर येईल.’

जड स्प्रिंग म्हणजे दणकट गडी, असा हिशेब त्या मंडळींनी केला. हातयंत्रावर शिकलेली एक वाळकी बाई त्यांच्या हिशेबात येणार तरी कशी? बाईने उत्तर टाइप करायला घेतलं, ‘माफ करा, आपला गैरसमज झाला आहे’ इथपर्यंत लिहिलंही. मग तिने वरचे संदेश पुन्हा वाचले. मारतोस. अरे. रे. तिने लिहिलेलं सगळं पुसलं आणि लिहिलं, ‘जोर मारत नाही. उपजतच आहे. स्प्रिंगांचं सांगा आधी.’

असा पैलवान जन्माला आला.

स्प्रिंगा आल्या. सोबत बारीक कुंचला आणि बटणं उपसायचा चिमटाही आला. प्रत्येक बटणाच्या खाली एक इवलासा स्विच असतो, तो उघडायचा, आत कुंचल्याने जरासं ग्रीस लावायचं, नवी स्प्रिंग टाकून मिटायचा. बाईने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली आणि रविवारभर बसून सगळे स्विच उघडले. आणि उत्साहाच्या भरात दिलं सगळीकडे ग्रीस चोपडून. आता, स्विचच्या आत दोन बारीक पाय असतात. बटण खाली जाताना बोटाला जो हलका टप्पा लागतो तो त्या पायांमुळे. त्यांना ग्रीस लागलं की टप्पा गेला. नवशिक्या हमखास तिथेच फसतो, आणि बाईही फसली. पैलवानाचा कीबोर्ड चिखलात पाय पडल्यासारखा झाला.

तिने घाबरत घाबरत आवाज पाठवला. तेलवाला तुटून पडला. ‘अरे ढ! पायांना लावलंस ना? पायांना लावतात का कुणी? सांगितलं होतं ना मी?’ बेकरीवाला म्हणाला, ‘पैलवानाने अंगाला लावायचं ते कीबोर्डला लावलं.’ मास्तरांनी सगळे स्विच धुवायची शिक्षा फर्मावली. बाई एकटीच त्या चादरीपुढे बसून पोट धरून हसली. तिला ‘ढ’ म्हटल्याला जमाना झाला होता. सगळे स्विच तिने पुन्हा उघडले, धुतले, वाळवले, पाय सोडून ग्रीस लावलं. तिसऱ्या खेपेला मास्तरांनी लिहिलं, ‘जमलं रे गड्या.’ त्या दिवशी तळघरात ती गुणगुणत होती. ऐकायला कुणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

पुढे रोजची सवयच लागली. दवाखान्यातून आली की चहा टाकायची आणि मंडळात डोकवायची. वाद घालायची, फिरकी घ्यायची, घेऊ द्यायची. सगळ्यांत गट्टी जमली ती बेकरीवाल्याशी. तो खरोखरच बेकरी चालवी. पहाटेची भट्टी उरकली की दुपारी त्याला वेळ असे. पीठ मळून त्याचे दंड भलतेच भरले होते म्हणे, आणि त्याला पैलवानाशी पंजा लढवायचा होता. ‘भेट एकदा, मनगट मोडून ठेवतो.’ बाई लिही, ‘ये, बघतोच तुला. बेकरी बंद पडेल तुझी.’ लिहून झाल्यावर ती स्वतःच्या मनगटाकडे बघे. त्याच्यावर घड्याळसुद्धा ठरत नसे.

मंडळाचा नियम असा, की कीबोर्डशिवाय दुसरं काही बोलायचं नाही. एकदा बेकरीवाला चार दिवस दिसला नाही, आणि आल्यावर एवढंच म्हणाला, ‘आईला दवाखान्यात नेलं होतं.’ मंडळाने ‘काळजी घे’ म्हटलं आणि पुन्हा स्प्रिंगांवर आलं. बाईने मात्र त्याला वेगळा संदेश पाठवला, ‘आई कशी आहे रे?’ आणि मग रोज पाठवत राहिली. तो डॉक्टरांनी दिलेल्या कागदाचे फोटो पाठवी, ती त्याला साध्या शब्दांत अर्थ सांगे. कधी अर्थ चांगला नसे. तोही ती सांगे, लपवत नसे. शेवटी एका दुपारी त्याने लिहिलं, ‘आई गेली रे.’ बाईने लिहिलं, ‘रड. कीबोर्डवर पाणी पडू देऊ नकोस, एवढंच.’

आणि मग मास्तरांनी जाहीर केलं, की मंडळाचा मेळावा भरणार. एका वाचनालयाच्या वरचं सभागृह घेतलं होतं. मेळाव्याची पद्धत ठरलेली होती. प्रत्येकाने आपला कीबोर्ड एका लांबलचक टेबलावर ठेवायचा आणि दूर जाऊन उभं राहायचं. पहिला तासभर कुणी कुणाची ओळख करून घ्यायची नाही. सगळ्यांनी सगळ्यांचे कीबोर्ड बडवून बघायचे. मग एकेक कीबोर्ड घेऊन त्याचा मालक कसा असेल ते सांगायचं, आणि मग मालकाने पुढे यायचं. आधी बोटं, मग माणूस.

बाईला आठवडाभर झोप नीट लागली नाही. जायचं तर ‘मीच तो पैलवान’ म्हणावं लागणार. मग काय होईल, ते तिला आत्ताच दिसत होतं. कुणी तिला वाईट वागवणार नाही. सगळी भली पोरं आहेत. म्हणूनच तर भीती. ती एकदम सरळ उभी राहतील, ‘अहो काकू’ म्हणतील, खुर्ची देतील, आणि त्या दिवसापासून तिला कुणी ढ म्हणणार नाही. आणि न जावं तर, बेकरीवाला रोज विचारत होता, ‘येतोयस ना?’ तिलाही त्याला बघायचं होतं. आपल्याला ओळखणारं एक तरी माणूस समोर उभं असलेलं बघायचं होतं. शेवटी तिने ठरवलं की जायचं आणि सांगायचं. आरशापुढे उभं राहून तिने म्हणूनही पाहिलं. हातात पिशवी, चेहऱ्यावर थोडं हसू आणि ‘मीच पैलवान, बोला!’ तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ते तिला चांगलं जमलं.

सभागृहाच्या दारात एक गोरटेला, चष्म्यातला तरुण उभा होता. तिला बघून तो चटकन पुढे झाला. ‘काकू, वाचनालय खाली आहे. जिना चढलात उगीच. सावकाश उतरा हं.’

‘नाही, कीबोर्डच्या मेळाव्याला…’ तिने पिशवी उघडून दाखवली.

त्याने आत डोकावलं आणि तो ओरडलाच, ‘अरे, पैलवानाचा कीबोर्ड आला!’

आतून सगळे धावत आले. ‘पैलवान? कुठाय?’ ‘आला का गडी?’ खोलीच्या मधोमध एक छोटं टेबल मांडलेलं होतं, दोन्ही बाजूंना खुर्च्या, आणि एका खुर्चीत अर्ध्या बाह्यांच्या शर्टात एक भरदार माणूस कोपर टेबलावर रोवून तयार बसला होता. पंजा लढवायला. मागे तीन-चार जण फोन सरसावून उभे. सगळ्यांचे डोळे बाईच्या डोक्यावरून तिच्या मागच्या जिन्याकडे लागलेले. जिन्यात कुणी नव्हतं.

‘तुम्ही पैलवानाच्या…?’ चष्मेवाल्याने विचारलं.

बाईने मागे वळून रिकाम्या जिन्याकडे पाहिलं. आरशातलं वाक्य आठवत होतं, पण तोंडून निघालं भलतंच.

‘मावशी,’ ती म्हणाली. ‘त्याला यायला जमलं नाही. कीबोर्ड तेवढा पाठवलाय.’

सगळ्यांची तोंडं उतरली, पण बाईला त्यांनी तसं जाणवू दिलं नाही. खुर्ची आली, पाणी आलं, पंख्याखाली बसवणं झालं. काकू इथे बसा, काकू चहा घेता ना, काकू जिन्याचा त्रास नाही ना झाला. चष्मेवाला म्हणजे मास्तर निघाला. तो दातांचा डॉक्टर होता. तेलवाला एक लाजाळू, गोलमटोल हिशेबनीस होता. ग्रुपवर तुटून पडणारा हाच का, असं तिला वाटलं. मनातल्या मनात ती प्रत्येकाला ओळखत होती, ह्याने मला ढ म्हटलं, त्याने मला गड्या म्हटलं. आणि ते सगळे तिच्यापुढून अदबीने वाकून जात होते.

कीबोर्ड बडवणं सुरू झालं. खोली खटखटाटाने भरून गेली. बाईने डोळे मिटले आणि क्षणभर ती जुन्या तळघरात जाऊन आली. कुणीतरी हाक मारील असं वाटलं. डोळे उघडले तर तेलवाला तिला विचारत होता, ‘आवाजाचा त्रास होतोय का काकू? दार लावून घेऊ?’

मालक ओळखायची वेळ आली. पैलवानाचा कीबोर्ड मास्तरने हातात घेतला. ‘बोटं दुखली राव माझी. काय पकड असेल ह्या गड्याची!’ बाईने मांडीवरचे हात पदराखाली घेतले. मास्तर बटणं निरखत म्हणाला, ‘कुठेही खाण्याचा डाग नाही. फट आणि फट पुसलेली. शिस्तीचा माणूस. घरात पोरंबाळं नाहीत, नाहीतर एखादं तरी बटण उपटलेलं असतं. आणि वापर बघा, रोजचा, तासन् तास. ह्याला दुसरीकडे कुठे जायचं नसतं.’ मग त्याला भान आलं. ‘सॉरी काकू. एकटाच राहतो का तो?’

‘माझ्याकडे राहतो,’ बाई म्हणाली.

मेळावा पांगू लागला तेव्हा बेकरीवाला तिच्याजवळ येऊन बसला. इतका मोठा माणूस, पण खुर्चीत अंग चोरून बसला. हातात कागदी पिशवी होती. ‘लोण्याची बिस्किटं आहेत. त्याच्यासाठी केली होती. द्याल का? आणि सांगा, घाबरून पळाला म्हणून.’

‘सांगते,’ ती म्हणाली.

तो तिथेच बसून राहिला. मग खाली बघत बोलू लागला, ‘काकू, माझी आई गेली हो मागच्या महिन्यात. घरात पाहुण्यांची ही गर्दी. सगळे म्हणत होते, धीर धर, पुरुषमाणसाने असं करू नये. हा एकटा म्हणाला, रड. कीबोर्डवर पाणी पडू देऊ नकोस म्हणाला. मी रडता रडता हसलो हो. सख्खा भाऊ नाही मला. असता तर असंच काहीतरी बोलला असता. तेवढं त्याला समोर बसून सांगायचं होतं. लिहून सांगता येत नाही ना असलं काही.’

आत्ता. आत्ताच सांगायला हवं होतं. नुसता हात पुढे करून त्या जाडजूड पंजावर ठेवला असता तरी त्याला कळलं असतं कदाचित. तिने हात उचललाही. पण तिच्या मनात आलं, ह्याला काकू किती असतील? गल्लीत दहा असतील. भाऊ हा एकच आहे. आपण तोंड उघडलं की तो गेला. आणि त्याच्याबरोबर आपलाही पैलवान गेला. हे दुसरं कारण जास्त खरं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

‘कळलंय त्याला,’ ती म्हणाली. आणि उचललेल्या हाताने तिने बिस्किटांची पिशवी घेतली.

त्याने तिला जिन्यावरून हाताला धरून खाली उतरवलं. कीबोर्डची पिशवी त्याने स्वतः रिक्षात ठेवली. ‘जड आहे हो काकू, उचलू नका. घरी गेल्यावर त्यालाच उचलायला सांगा.’

घरी तिने तो एकटीनेच उचलला. दिवा लावला, कपडे बदलले, संगणक सुरू केला. ग्रुपवर मेळाव्याचे फोटो येत होते. एका फोटोच्या कडेला खुर्चीचा हात आणि तिचा कोपरापासून पुढचा हात दिसत होता. बेकरीवाल्याचा वेगळा संदेश येऊन पडला होता.

‘पळपुट्या. बिस्किटं मिळाली का?’

‘मिळाली. मस्त झालीत.’ तिने अजून पिशवी उघडलीही नव्हती.

‘ऐक, एक बोलू? रागावू नकोस. तुझी मावशी भेटली. फार एकटी वाटली रे मला. सगळ्यांमध्ये बसली होती आणि कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी बघत होती. तू सारखा इथे आमच्याशी खिदळत असतोस. तिच्याशी बोलतोस का कधी?’

पडद्यावरची अक्षरं पुसट झाली, आणि तिने खरोखरच कीबोर्ड थोडा मागे सरकवला. ‘मावशी मीच आहे’ एवढे तीनच शब्द होते. ते तिने टाइप केले, वाचले आणि पुसले.

‘फारसं नाही,’ तिने लिहिलं.

‘मग बोलत जा, गाढवा. माझी आई होती तेव्हा मीही हेच केलं. आता कुणाशी बोलू? शब्द दे.’

‘दिला.’

‘जेवली का ती?’

बाईने स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे अंधार होता. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

‘नाही अजून.’

‘मग ऊठ ना! माझ्याशी काय बोलत बसलायस? आधी तिला वाढ. सोबत बस तिच्या. तोवर मी आहे इथे.’

ती उठली. स्वयंपाकघरातला दिवा लावला, सकाळचं होतं ते गरम केलं, ताट घेतलं. उभ्याने खायची तिला सवय लागली होती, पण आज ती खाली बसली आणि सावकाश, पोटभर जेवली. शेवटी दोन बिस्किटं खाल्ली. ती खरंच चांगली झाली होती. मग हात धुऊन ती पुन्हा कीबोर्डपुढे येऊन बसली.

‘जेवली,’ तिने लिहिलं.